तिसरी खुर्ची

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडे, एका फ्योर्डच्या काठी, इगालिकू नावाचं खेडं आहे. मूठभर घरं, तांबूस वालुकाश्माच्या भिंती, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या आणि बाराव्या शतकात नॉर्स वसाहतवाल्यांनी बांधलेल्या कॅथेड्रलचे उरलेसुरले दगड. ६ ऑगस्ट २००४ रोजी या खेड्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल येऊन उतरले. अमेरिका आणि डेन्मार्क यांच्यातल्या १९५१ च्या संरक्षण करारात दुरुस्ती करायची होती. असल्या कागदांवर एरवी राजधानीत, झुंबराखाली सह्या होतात. इथे त्या मेंढपाळांच्या गावात झाल्या, आणि दोनऐवजी तीन झाल्या. एक पॉवेल यांची, दुसरी डेन्मार्कचे परराष्ट्रमंत्री पेर स्टिग म्योलर यांची, आणि तिसरी योसेफ मोट्झफेल्ट यांची, ग्रीनलंडच्या होमरूल सरकारतर्फे.

ही तिसरी सही व्हायला किती वर्षं लागली आणि तिची किंमत आज काय आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. ग्रीनलंडबद्दल हल्ली जे छापून येतं त्यात बर्फ असतो, खनिजं असतात, पाणबुड्या असतात आणि एक राष्ट्राध्यक्ष हमखास असतो. टेबलाभोवती खुर्च्या किती मांडल्या होत्या, हे मात्र कोणी मोजत नाही. शंभर वर्षांचे करारमदार त्या एका मापाने मोजून पाहण्यासारखे आहेत.

आधी मुलखाची ओळख करून घेऊ. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र मावतील. वस्ती जेमतेम ५७ हजार. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही कित्येकदा याहून जास्त माणसं असतात. जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाच्या थराखाली गेलेला, त्यामुळे गावं आहेत ती किनाऱ्याच्या कडेकडेने, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. बोट, हेलिकॉप्टर, विमान, नाहीतर उत्तरेकडे कुत्र्यांची स्लेज. राजधानी न्यूक, देशातला जवळजवळ दर तिसरा माणूस तिथे राहतो. बहुतेक लोक इनुइट, भाषा कालाल्लिसुत आणि देशाचं त्यांनी दिलेलं नाव कालाल्लित नुनाआत. ‘ग्रीनलंड’ हे नाव आइसलंडमधून हद्दपार झालेल्या एरिक द रेडने दहाव्या शतकाच्या अखेरीस ठेवलं. नाव चांगलं असलं की लोक यायला तयार होतील असा त्याचा हिशेब होता, असं जुन्या आइसलंडी कथांमध्ये म्हटलं आहे. प्लॉट विकणाऱ्यांची ही कला तशी जुनीच.

मोक्याची जागा म्हणजे काय, ते भिंतीवरच्या नकाशात नीट कळत नाही. पृथ्वीचा गोल हातात घ्यावा आणि वरून, उत्तर ध्रुवावरून पाहावं. मॉस्को आणि वॉशिंग्टन यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट ग्रीनलंडच्या अंगावरून जाते. म्हणून वायव्य किनाऱ्यावर, ध्रुवापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अमेरिकेचा क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारा रडार उभा आहे. ग्रीनलंड, आइसलंड आणि ब्रिटन यांच्यामधून जो समुद्र जातो, त्यातूनच रशियाच्या उत्तरेकडच्या पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरावं लागतं. भूगोल एवढाच. बाकीचा सगळा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या ओळखीच्या जागेतूनही गेला आहे.

श्रोत्यांपैकी कोणी तमिळनाडूत तरंगमबाडीला गेलं असेल, तर समुद्राला लागून असलेला डॅनिशांचा किल्ला त्यांनी पाहिला असेल. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डॅनिशांनी ती जागा मिळवली. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं तेव्हा तिचा खंड घेणारे राजे मराठी झाले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आश्रयाने १७०६ साली तिथे मिशनरी पोचले. याच राजाच्या आश्रयाने १७२१ साली हान्स एगेडे हा पाद्री ग्रीनलंडला गेला. एका टोकाला नारळी आणि दुसऱ्या टोकाला हिमनग, पण धनी एकच. तरंगमबाडीच्या मिशनमध्ये १७५० साली दाखल झालेला श्वार्ट्‌झ पुढे दुसऱ्या सरफोजीराजांचा गुरू झाला, ही गोष्ट महाराष्ट्रात ठाऊक असते. एगेडेची गोष्ट इतकी सुरळीत नाही. तो शोधायला गेला होता जुन्या नॉर्स ख्रिस्ती लोकांचे वंशज. ते केव्हाच नामशेष झाले होते. भेटले इनुइट. मग त्याने त्यांचाच बाप्तिस्मा करायला घेतला, आणि त्याच्या मागोमाग डॅनिश व्यापाराची मक्तेदारी आली.

१८४५ साली डेन्मार्कने तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर ईस्ट इंडिया कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकलं. १९१७ साली कॅरिबियन समुद्रातली आपली बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला दिली. त्या विक्रीआधी डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं. ज्या बेटांचा सौदा होत होता तिथल्या लोकांना मात्र त्यात मत नव्हतं. तेव्हा ‘डेन्मार्क मुलूख विकत नाही’ हे वाक्य आज कितीही ठसक्यात म्हटलं जात असलं तरी इतिहासाच्या पुस्तकात ते टिकत नाही. ग्रीनलंड तेवढं हातात राहिलं, आणि त्याचं एक कारण याच विक्रीच्या कागदांत आहे. ऑगस्ट १९१६ मध्ये करार करताना डेन्मार्कने अमेरिकेकडून एक जोडपत्र लिहून घेतलं : डेन्मार्कने आपले राजकीय आणि आर्थिक हितसंबंध संपूर्ण ग्रीनलंडभर वाढवले तर अमेरिकेची हरकत असणार नाही. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांची त्यावर सही आहे. आज वॉशिंग्टनहून डेन्मार्कच्या हक्काबद्दल शंका काढल्या जातात तेव्हा हा कागद आठवतो. खुर्च्या दोन.

लॅन्सिंगचा कागद खिशात घालून डेन्मार्क एकेका देशाच्या दारात गेलं. १९१९ च्या जुलैत पाळी नॉर्वेची आली. डॅनिश वकील नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री नील्स क्लाउस इलेन यांना भेटला. स्पिट्सबर्गनच्या बेटांवर नॉर्वेने हक्क सांगितला तर आम्ही आड येणार नाही, तुम्ही ग्रीनलंडच्या बाबतीत तसंच करावं, असा सौदा होता. २२ जुलैला इलेननी तोंडी उत्तर दिलं : नॉर्वे या बाबतीत अडचण करणार नाही. करार नाही, मोहोर नाही. फक्त इलेननी, चांगल्या कारकुनासारखी, या बोलण्याची नोंद स्वतःच्या टिपणात करून ठेवली.

बारा वर्षांनी नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडचा एक भाग आपला म्हणून जाहीर केला आणि त्याला एरिक द रेडचं नाव दिलं. डेन्मार्क हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. ५ एप्रिल १९३३ रोजी निकाल लागला तो डेन्मार्कच्या बाजूने, आणि त्यातला एक आधार होता इलेन यांचं ते तोंडी वाक्य. परराष्ट्रमंत्री आपल्या अखत्यारीतल्या गोष्टीवर परदेशी वकिलाला शब्द देतो तेव्हा तो देशाला बांधतो, असं न्यायालयाने म्हटलं. आंतरराष्ट्रीय कायदा शिकणाऱ्या पोरांना हा खटला अजून तोंडपाठ करावा लागतो. बोलून माणूस फसतो, याचं इतकं सणसणीत उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

जाता जाता एक नोंद. सौद्याच्या दुसऱ्या पारड्यातल्या स्पिट्सबर्गनबद्दल १९२० साली पॅरिसमध्ये करार झाला. त्यावर ब्रिटनने हिंदुस्थानच्या वतीनेही सही केली, आणि तेव्हापासून त्या करारात आपण आहोत. २००८ साली भारताने तिथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केलं. त्याची सूत्रं हलतात गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क गिळलं आणि ग्रीनलंड एका रात्रीत पोरकं झालं. वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत हेन्रिक कॉफमन यांनी कोपनहेगनचे हुकूम मानायचं नाकारलं. बरोबर वर्षभराने, ९ एप्रिल १९४१ ला, त्यांनी राजाच्या नावाने पण राजाला न विचारता अमेरिकेशी करार केला : अमेरिकेने ग्रीनलंडचं रक्षण करावं, त्यासाठी तळ बांधावेत. कोपनहेगनने त्यांना बडतर्फ केलं, देशद्रोहाचा खटला भरला, करार रद्दबातल ठरवला. अमेरिकेने या कशाकडेच लक्ष दिलं नाही. इविट्टूटच्या खाणीतलं क्रायोलाइट तिला हवं होतं. त्याशिवाय ॲल्युमिनियम गाळता येत नव्हतं आणि ॲल्युमिनियमशिवाय विमानं होत नव्हती. शिवाय युरोपचं उद्याचं हवामान आज ग्रीनलंडवर दिसतं, म्हणून जर्मन तिथे चोरून वेधशाळा उभ्या करत होते आणि डॅनिश-ग्रीनलंडी शिकाऱ्यांची स्लेज-गस्त त्यांचा माग काढत होती. युद्ध संपल्यावर कॉफमन देशभक्त ठरले आणि करारावर कोपनहेगनने शिक्कामोर्तब केलं.

या करारात एक मेख होती. अमेरिका खंडाच्या सुरक्षिततेला असलेला धोका टळला असं दोघांनी मान्य करेपर्यंत तो चालू राहणार होता. डेन्मार्कला १९४५ मध्ये धोका टळल्यासारखा वाटला. अमेरिकेला वाटला नाही. १९४६ च्या डिसेंबरात डॅनिश परराष्ट्रमंत्री गुस्ताव रास्मुसेन न्यूयॉर्कला आले ते तळ कधी हलवता हे विचारायला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी उलट दहा कोटी डॉलरचं सोनं घेऊन बेटच देऊन टाका असं सुचवलं. रास्मुसेन थक्क झाले आणि रिकाम्या हाताने परतले. शेवटी डेन्मार्क नाटोत गेलं आणि २७ एप्रिल १९५१ ला नवा संरक्षण करार झाला. विकत न घेताही तळ बांधण्याचा, सैन्य ठेवण्याचा भरपूर अधिकार अमेरिकेला त्यात मिळाला आहे. पंचाहत्तर वर्षं तो अधिकार वापरला जातो आहे. मग आज मालकी कशासाठी हवी, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

आता जमिनीवर काय झालं ते पाहू. १९५१ च्या उन्हाळ्यात शंभराहून अधिक जहाजं वायव्य किनाऱ्यावर आली आणि थुले इथे प्रचंड हवाई तळ उभा राहिला. जवळच उमानाक नावाची वस्ती होती. वालरस, नारव्हेल, कोल्हे यांच्या शिकारीवर जगणाऱ्या इनुघुइट लोकांची. तळाच्या विमानांनी सावज बिथरू लागलं. मे १९५३ मध्ये तिथल्या २७ कुटुंबांना सांगण्यात आलं : निघा. बर्फ विरघळायच्या आत स्लेजवर सामान लादून ती शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला कानाक इथे गेली. घरं तयार नव्हती. उन्हाळा तंबूत काढावा लागला. जून १९५३ च्या ५ तारखेला डेन्मार्कची नवी राज्यघटना लागू झाली, ग्रीनलंडचा वसाहतीचा दर्जा संपला आणि हे सगळे लोक कागदोपत्री समान नागरिक झाले. हे विस्थापन सक्तीचं होतं असा निवाडा डॅनिश न्यायालयाने दिला तो १९९९ साली. जमातीला मिळालेली भरपाई पाच लाख क्रोनर. धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकून मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ‘घरं तयार नव्हती’ हे वाक्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

थुलेचीच आणखी एक गोष्ट. १९५७ पासून डेन्मार्कचं जाहीर धोरण होतं की शांततेच्या काळात आपल्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. त्याच वर्षी अमेरिकेने पंतप्रधान एच. सी. हान्सेन यांना आडून विचारलं : ग्रीनलंडमध्ये ठेवली, तर तुम्हाला कळवायला हवं का? हान्सेननी ‘नको’ म्हटलं नाही, ‘हो’ही म्हटलं नाही. यावर आपल्याला काही भाष्य करायचं नाही, अशा अर्थाचा गुप्त कागद त्यांनी दिला. मौनं संमतिलक्षणम् हे अमेरिकनांना कोणी संस्कृतात सांगायची गरज नव्हती. २१ जानेवारी १९६८ ला चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन उडणारं बी-५२ विमान थुलेजवळच्या समुद्रावरच्या बर्फात कोसळलं. अणुस्फोट झाला नाही, पण बॉम्ब फुटून प्लुटोनियम बर्फावर पसरलं. आपल्याला काही ठाऊकच नव्हतं, असं डेन्मार्क सत्तावीस वर्षं म्हणत राहिलं. हान्सेनचा कागद उजेडात आला १९९५ साली. एका परराष्ट्रमंत्र्याच्या बोलण्याने नॉर्वेचा दावा बुडाला, एका पंतप्रधानाच्या न बोलण्याने ग्रीनलंडवर बॉम्ब आले. दोन्ही वेळा ग्रीनलंडच्या माणसाला बोलायला जागाच नव्हती.

डेन्मार्कला साधू समजण्याचं कारण नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. १९५१ साली २२ इनुइट मुलांना आईबापांपासून तोडून डेन्मार्कला नेण्यात आलं, ‘सुधारलेले’ ग्रीनलंडी घडवायला. साठ-सत्तरच्या दशकांत हजारो स्त्रियांना आणि कोवळ्या मुलींना, कित्येकींना न सांगता, गर्भनिरोधक तांबी बसवली गेली. त्याबद्दल पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी न्यूकला जाऊन समक्ष माफी मागितली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. इतक्या वर्षांचा उशीर आणि नेमकी ही वेळ, यांचा संबंध ग्रीनलंडमध्ये कोणाच्या लक्षात आला नसेल असं मानणं भोळेपणाचं होईल.

खुर्चीकडे वाटचाल सुरू झाली ती माशांमुळे. १९७२ च्या सार्वमतात ग्रीनलंडच्या सुमारे ७० टक्के मतदारांनी युरोपीय समुदायात जायला नकार दिला. डेन्मार्कने होकार दिला, म्हणून ग्रीनलंडला फरफटत जावं लागलं. परक्या ट्रॉलरना आपल्या समुद्रात मासे मारताना पाहून जो राग साचला, त्यातून १ मे १९७९ ला होमरूल आलं. हा शब्द आपल्याला परका नाही. १९१६ साली, लॅन्सिंगच्या त्या कागदाच्या काही महिने आधी, टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली होती. होमरूल मिळाल्यावर ग्रीनलंडने पुन्हा सार्वमत घेतलं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला युरोपीय समुदाय सोडला. ब्रेक्झिटच्या पस्तीस वर्षं आधी.

२१ जून २००९ पासून त्याहून मोठं स्वशासन आहे. त्या कायद्याने ग्रीनलंडवासीयांना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने ‘जनसमूह’ मानलं, कालाल्लिसुतला अधिकृत भाषा केलं आणि एकविसाव्या कलमात स्वातंत्र्याची वाट लिहून ठेवली : निर्णय ग्रीनलंडच्या लोकांचा, मग वाटाघाटी, ग्रीनलंडमध्ये सार्वमत आणि डॅनिश संसदेची संमती. परराष्ट्र धोरण आणि संरक्षण अजून कोपनहेगनकडे आहे. दरवर्षी डेन्मार्कहून येणारं अनुदान २००९ च्या किमतींनुसार सुमारे ३४० कोटी क्रोनर, सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भार. निर्यात म्हणाल तर कोळंबी आणि हॅलिबट. नव्वद टक्क्यांहून जास्त मासळीच. स्वातंत्र्य बहुतेकांना हवं आहे, पण दवाखाना आणि शाळा कशावर चालवायची, या हिशेबाशी गाडी अडते.

खनिजांचं म्हणाल तर नार्साकजवळच्या क्वानेफेल्डला दुर्मीळ मृदा-धातूंचा मोठा साठा आहे, पण त्यात युरेनियम मिसळलेलं आहे. २०२१ ची निवडणूक त्यावरच लढली गेली, विरोधक जिंकले आणि युरेनियमबंदीचा कायदा झाला. जगातले लोक ग्रीनलंडच्या खजिन्याचे आकडे मांडत बसतात. खजिन्याशेजारी राहणाऱ्यांनी मतपेटीतून काय सांगितलं ते बातमीच्या शेवटच्या ओळीत येतं. विमानतळांची गंमत आणखी वेगळी. न्यूकला मोठी धावपट्टी हवी होती, कोपनहेगन वर्षानुवर्षं ढिम्म. मग एक चिनी सरकारी बांधकाम कंपनी बोलीसाठी पात्र ठरली, वॉशिंग्टनचे कान टवकारले आणि २०१८ मध्ये कोपनहेगनने घाईघाईने पैसे पुढे केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. छोट्या देशाची मुत्सद्देगिरी कशी चालते ते यातून शिकावं.

होमरूलनंतर ग्रीनलंडने ब्रसेल्स, वॉशिंग्टन, रेक्याविक आणि बीजिंगला आपली कार्यालयं उघडली. २०२२ मध्ये कॅनडाबरोबरचा टार्टुपालुक ऊर्फ हान्स बेटाचा वाद मिटला. हा जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा ओसाड खडक; दोन्ही देशांचे सैनिक आळीपाळीने येत, समोरच्याचा झेंडा काढून आपला लावत आणि दारूची बाटली ठेवून जात. बेट निम्मं-निम्मं झालं, आणि समारंभात ग्रीनलंडचे पंतप्रधान मुते एगेडे बरोबरीने उभे होते. आडनाव पाहा : एगेडे. २०२३ मध्ये आकी-मातिल्डा होग-डाम या ग्रीनलंडच्या खासदार डॅनिश संसदेत कालाल्लिसुतमधून बोलल्या आणि डॅनिश भाषांतर करून द्यायला त्यांनी नकार दिला. १७९ जणांच्या सभागृहात ग्रीनलंडचे सदस्य दोन. बाकीच्यांना त्या काही मिनिटांत, भाषा न कळता नुसतं बसून राहणं म्हणजे काय, ते समजलं असावं.

इगालिकूला परत येऊ. तिथल्या करारात लिहिलं आहे की ग्रीनलंडमधल्या लष्करी व्यवस्थेत अमेरिकेने मोठा बदल करायचा झाला तर आधी डेन्मार्क आणि ग्रीनलंड दोघांशी बोलायचं. २०१९ च्या ऑगस्टात डोनाल्ड ट्रम्प यांनी बेट विकत घेण्याचा विषय काढला तेव्हा नाव घेतलं ते डेन्मार्कचं. फ्रेडरिक्सन यांनी ती चर्चा अर्थहीन ठरवली, तर ट्रम्प यांनी डेन्मार्कचा ठरलेला दौराच रद्द केला. दुसऱ्या कारकिर्दीत सूर चढला. जानेवारी २०२५ च्या जनमत चाचणीत ८५ टक्के ग्रीनलंडवासीयांनी अमेरिकेत जायला नको म्हटलं. २८ मार्च २०२५ रोजी न्यूकमध्ये येन्स-फ्रेडरिक निल्सन यांच्या नेतृत्वाखाली चार पक्षांनी एकत्र येऊन सरकार बनवलं. त्याच दिवशी अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स थुलेच्या तळावर उतरले, ज्याला आता पिटुफिक अवकाश तळ म्हणतात. आधी सिसिमियुतला कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत पाहण्याचा बेत होता. लोकांचा रंग पाहून तो गुंडाळला.

१४ जानेवारी २०२६ रोजी वॉशिंग्टनमध्ये व्हान्स आणि परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांच्यासमोर डेन्मार्कचे परराष्ट्रमंत्री लार्स ल्योके रास्मुसेन बसले, आणि त्यांच्या शेजारी ग्रीनलंडच्या परराष्ट्रमंत्री विवियान मोट्झफेल्ट. मूलभूत मतभेद कायम असल्याचं बाहेर येऊन डॅनिश मंत्र्यांनी सांगितलं. आठवडाभराने दावोसमध्ये ट्रम्प नाटोचे सरचिटणीस मार्क रुटे यांना भेटले आणि ग्रीनलंडबद्दल भावी कराराची चौकट ठरल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्या भेटीत खुर्च्या पुन्हा दोन होत्या. दुसऱ्या दिवशी न्यूकमध्ये पंतप्रधान निल्सन पत्रकारांसमोर आले. चौकटीत नेमकं काय आहे असं त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आपल्या देशाबद्दल त्यात काय ठरलं आहे ते आपल्याला ठाऊक नाही.